डोळ्यांचा नमुना

"मी दुसऱ्या डोळ्यावरून रंग जुळवतो. मुलीला का नाही आणलंत?" कृत्रिम डोळे रंगवणाऱ्या कारागिराने विचारलं.

"दुसराही काढला गेल्या आठवड्यात. त्यातही गाठ निघाली," आई म्हणाली. दूध संपलं असं सांगावं, तशा आवाजात.

"मग आईबापावरूनच काढावा लागेल. फोटोतले रंग फसवतात. कोणावर गेली होती?"

"ह्यांच्यावर. जन्मली त्या दिवशी सासूबाई जो भेटेल त्याला सांगत सुटल्या होत्या, डोळे अगदी बापाचे घेतलेत म्हणून."

बाप मघापासून पाठमोरा उभा राहून खिडकीबाहेर बघत होता. कारागिराने स्टूल उजेडात सरकवलं, सगळ्यांत बारीक ब्रश उचलला आणि त्याला हाक मारली.

बाप येऊन बसला. डोळे घारे होते. त्याने मान खाली घातली, उजव्या पापणीखाली बोट दाबलं आणि डोळा काढून कारागिरासमोरच्या ट्रेमध्ये ठेवला.

"याच्यावरून रंगवा. मी तिच्याएवढा होतो तेव्हाच माझ्याही डोळ्यात गाठ निघाली होती," तो म्हणाला. "माझी आई सांगत सुटली होती, तेच आता डॉक्टरही सांगतायत. बापाकडूनच आलंय."