सख्ख्यांची प्रकृती

सावत्रपणाविषयी त्या घराचा व्यासंग दांडगा होता. आत्याबाई तर त्यातल्या अधिकारी विद्वान. फुटबॉल खेळताना मुलीच्या गुडघ्यातले लिगामेंट तुटले, तेव्हा सर्जन म्हणाले, "हिच्या मांडीमागची कंडरा, म्हणजे टेंडन, फारच बारीक आहे. घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाची घेऊन नवं लिगामेंट करता येईल. रक्ताचं नातं असायलाच हवं, असं नाही."

तत्क्षणी वडिलांना आपली शुगर आठवली, आत्याबाईंना कंबर. सावत्र आईने एवढेच विचारले, "ही पुन्हा धावेल ना?"

शस्त्रक्रियेनंतर फिजिओथेरपीच्या खोलीत मुलगी प्रथमच आधाराशिवाय चालली.

"शेवटी रक्त आमचं आहे," खुर्चीत बसलेल्या आत्याबाई कौतुकाने म्हणाल्या.

"आत्या, ऊठ जरा," मुलगी म्हणाली. "आईला बसू दे. तिचा पाय अजून दुखतो."