गेजमधला यू

रेहाना मुलाणीने आपला तपासलेला पेपर खोत सरांच्या टेबलावर ठेवला आणि शेजारी स्टीलची एक डबी.

"सर, डबीवरचं नाव वाचा."

जी, ए, जी, ई. गेज, म्हणजे माप तपासायचं साधन. पेपरात तिनेही असंच लिहिलं होतं आणि ए-नंतरचा यू गाळला म्हणून सरांनी एक मार्क कापला होता. आयटीआयच्या त्या वर्गातून कारखान्यात शिकाऊ म्हणून एकालाच घेणार होते. रेहाना अर्ध्या मार्काने मागे राहिली होती.

"डबीवर चुकलं असेल," म्हणत सरांनी पाठ्यपुस्तक उघडलं. त्यात यू होता. कपाटातल्या जाडजूड अमेरिकन पुस्तकात नव्हता. गोंधळून त्यांनी इंग्रजी शिकवणाऱ्या परुळेकर मॅडमना फोन लावला.

"दोन्ही बरोबर," मॅडम म्हणाल्या. "एक इंग्लंडचं, एक अमेरिकेचं."

"पण ठरवतं कोण?"

"कोणीच नाही, सर. लोक लिहितात, शब्दकोश त्यांच्या मागून जातो."

सरांनी मार्क वाढवला, यादीत रेहानाचं नाव वर घेतलं. ती हसली आणि दारात थबकली. "मग कारखान्यात कसं लिहू?"

"तिथे... विचारून घे."

ती गेल्यावर सर लाल पेन हातात धरून बसून राहिले. बावीस वर्षं ते यूसाठी मार्क कापत आले होते. एका मार्काने नापास होऊन आयटीआय सोडून गेलेला एक मुलगा त्यांना आठवला. चेहरा स्पष्ट दिसत होता. त्याने यू लिहिला होता की नव्हता, ते मात्र काही केल्या आठवेना.