आईचं इंग्रजी

'डिड' आलं की पुढे 'गो' घ्यायचं की 'वेंट', हे वेणूचं अजून पक्कं होत नव्हतं आणि मुलाखत उद्यावर आली होती.

प्रवेश तिच्या लेकीला, जिज्ञासाला हवा होता. पण शाळा प्रवेश देतात पोरांना आणि घाम काढतात आईबापांचा. दोन शाळांनी आधीच नकार कळवला होता. पहिल्या शाळेत वेणू 'शी हॅव' म्हणाली होती, दुसऱ्या शाळेत तिच्या तोंडून शब्दच फुटला नाही. आता एकच शाळा उरली होती आणि तिथेही एकच जागा.

नवरा कल्पेश आनंदनगरच्या कंपनीत ऑपरेटर. तो म्हणाला, "जाव दे गं. मराठी शालंत शिकंल पोर. काय बिघरतंय?"

बारा वर्षं वेणू एका कारखान्यात पॅकिंगला होती. तिनेच काम शिकवलेल्या पोरी इंग्रजीच्या जोरावर सुपरवायझर झाल्या आणि तिलाच हुकूम सोडू लागल्या. हे दुखणं नवऱ्याला सांगून कळणारं नव्हतं.

महिनाभर कामावरून सुटली की ती मोरिवलीहून थेट बेलवलीला मीनलताईंकडे जायची. मीनलताई निवृत्त शिक्षिका. चूक झाली की तेच वाक्य वीस वेळा लिहून घ्यायच्या. मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी वेणू लिहिता लिहिता रडायलाच लागली. आपलं डोकं दगडाचं आहे, आपल्यापायी पोरीचं वाटोळं होणार, असं म्हणाली. मीनलताईंनी तिला पाणी दिलं आणि पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी शाळेत वेणूच्या आधी गोदू नावाची एक बाई मुलाला घेऊन आत गेली. पाच मिनिटांत डोळे पुसत बाहेर आली. मॅडम काय विचारतात तेच समजलं नाही, म्हणाली. वेणूला तिची दया आली. थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला बोला.

वेणू मात्र एकदाही अडली नाही. कुठे 'डिड', कुठे 'हॅज', सगळं जागच्या जागी पडत गेलं. तरी मुख्याध्यापिका हसल्या नाहीत. समोरच्या कागदावर त्यांनी एक अक्षर लिहिलं नाही. कमी पडतंय असं वाटून वेणूने कुणी न विचारताच लेकीचा सकाळपासूनचा दिवस इंग्रजीत सांगून टाकला.

मुख्याध्यापिकांनी पेनाला टोपण लावलं आणि त्या मराठीत बोलल्या.

"फार छान बोललात. वाईट वाटतंय मला. एक गोष्ट आम्ही पालकांना आधी सांगत नाही, नाहीतर सगळेच मुके होतात. ही जागा ट्रस्टची आहे. घरात कुणालाच इंग्रजी येत नाही, अशा मुलासाठी."