दाराशी बसायचं काम

"एक तारखेपासून म्हणजे एक तारखेपासून," मॅडम म्हणाल्या. "पाचही दिवस ऑफिसात, दहा ते सहा. तुमच्यासाठी नियम वाकवला तर उद्या सगळेच आपापल्या आया पुढे करतील."

लॅपटॉपसमोर बसलेल्या ड्राफ्ट्समनने नुसती मान हलवली. लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत तो नकाशे काढायचा. काम इतकं चोख की ऑफिसात त्याला सगळे कंपास म्हणत. चार वर्षं घरून काम केलं, पण एका नकाशात सुताएवढी चूक निघाली नव्हती. आता चोख काम करणाऱ्याला सवलत द्यावी, असा नियम अजून तरी कुठल्या ऑफिसात ऐकिवात नाही.

"घरी कोणीतरी लागतंच, मॅडम," तो म्हणाला. "आईला काही आठवत नाही. माझं नावसुद्धा विसरते. घर तेवढं ओळखते."

"मग बाई ठेवा. लोक ठेवतात. मागच्या वर्षी आईंसाठी म्हणून तुम्ही बारा दिवस गायब होतात, तेव्हा मी ब्रसुद्धा काढला नाही. आता वरून हुकूम आहे. माझ्या हातात काही नाही."

मॅडम स्क्रीनवरून गेल्या. कंपास कपाळ चोळत बसला. हातात अकरा दिवस होते आणि नोकरी सोडणं परवडणारं नव्हतं. या घराचं भाडं थकलं असतं तर घरमालकाने दुसऱ्याच दिवशी सामान बाहेर काढलं असतं, आणि दुसरीकडे राहायला जायचं तर प्रश्नच नव्हता. आईला हेच घर माहीत होतं.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला.

"दादा, ऑफिसला जा तू. अरे, माणसात ये जरा. किती दिवस असं घरात कोंडून घेणार आहेस?"

"आणि आईचं काय?"

"आपल्याकडून होण्यासारखं होतं ते सगळं केलं आपण. आता सोड."

"सोड काय सोड! तुझी आई नाही का ती?"

"माझीही आहे म्हणूनच सांगतेय ना!" बहीण रडायला लागली. फोन कोणी आधी ठेवला ते दोघांनाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्याने बायका बघायला सुरुवात केली. पहिली आली ती हसतमुख होती, हात स्वच्छ होते, अनुभव दांडगा. जाता जाता तिने विचारलं, "मधे तासभर कुलूप लावून भाजीबिजी आणायला गेले तर चालेल ना?" कंपासने तिला तिथूनच परत पाठवलं.

दुसरी म्हणाली, "मी कानात इअरफोन घालून मालिका बघते हां, कुणाला आवाजाचा त्रास नको." तो एवढ्या जोरात "नाही!" म्हणाला, की बाई दचकली. नंतर त्याचं त्यालाच वाईट वाटलं. पण काय करणार? त्या कानातल्या बोंडांचा त्याला मनापासून राग होता. मीटिंगलासुद्धा तो आता स्पीकरच लावायचा आणि सगळ्यांच्या शिव्या खायचा.

ऑफिसातल्या मित्राने फोनवर त्याची खेचली. "काय रे, बाई शोधतोयस की सून? एवढ्या परीक्षा!" मग जरा हळू आवाजात म्हणाला, "आई कशा आहेत? पूर्वी मीटिंगमध्ये तुझ्या मागून जायच्या, आम्हाला हात करायच्या. मजा यायची. हल्ली दिसतच नाहीत."

"हल्ली मी मागे भिंत घेतो," कंपास म्हणाला आणि त्याने विषय बदलला.

तीस तारीख उजाडली. कंपास हवालदिल झाला होता. तेवढ्यात तिसऱ्या मावशी आल्या. साठीच्या आसपासच्या, कमी बोलणाऱ्या. मालिका बघत नव्हत्या, डुलक्या काढत नव्हत्या, घरही जवळच. त्याला एकदम हायसं वाटलं.

"दिवसभर इथेच बसायचं, या खुर्चीवर," तो दाराजवळची खुर्ची दाखवत म्हणाला. "कडी लावायची नाही. काही झालं तरी घर सोडायचं नाही."

"बरं."

"जेवण मी सकाळी मऊ करून झाकून ठेवीन. मीठ कमी असतं. औषधं या डब्यात आहेत. महिना संपला की मी नवी आणतो."

"बरं."

"आई घाबरली की हात झटकते, वाटेल ते बोलते. मनावर घ्यायचं नाही. आधी पाणी द्यायचं, मग मला फोन. मी बैठकीत असलो तरी करायचा. मी उचलणार म्हणजे उचलणार."

बोलता बोलता त्याचा आवाज चिरकला. मावशींनी तिकडे लक्ष नाही असं दाखवलं. आईवर एवढा जीव असणारा मुलगा त्यांनी एवढ्या वर्षांच्या कामात क्वचितच पाहिला होता.

त्याने त्यांना आईची खोली दाखवली. चादर स्वच्छ, खिडकी उघडी, उशाशी पाण्याचा तांब्या. मावशींनी खोलीभर नजर फिरवली. बाथरूमचं दार ढकलून पाहिलं. स्वयंपाकघरात डोकावून आल्या.

"सगळं समजलं हो," त्या म्हणाल्या. "पण आजी कुठायत?"

कंपासने उघड्या दाराकडे पाहिलं.

"माझी मीटिंग चालू होती तेव्हा बाहेर पडली, मावशी," तो म्हणाला. "चौदा महिने झाले. परत आली तर घरात कोणीतरी नको का?"