फ्रिजमधलं गरम पाणी

किशनलालनं मोठ्या हौसेनं फ्रिज आणला, जालन्यातल्या त्यांच्या गल्लीतला पहिलाच. आईला, सायरबाईला, पुढ्यात बसवून त्यानं सगळं समजावलं. "बाई, या नळ्यांतून एक पातळ दवा फिरून राह्यलीय. ती आतली गरमी पिते, तिची वाफ होते. मशीन त्या वाफेला दाबतं, मागच्या जाळीतून गरमी बाहेर जाते, की पुन्हा तिची दवा. आत थंड, मागं गरम. बिलकुल सोपं!"

सायरबाईनं मान डोलावली. पण घर पडलं जैनांचं. बर्फ वर्ज्य, आणि कालचं शिळं तर त्याहून वर्ज्य. महिनाभर फ्रिज रिकामाच घरघरत राहिला आणि किशनलाल मनातल्या मनात खट्टू होत राहिला.

पौषातल्या एका सकाळी त्यानं सहज दार उघडलं, तर आत वाफाळत्या पाण्याचं पातेलं! त्याचा पारा चढला. "बाई, यात गरम ठेवतात का कुणी? मशीनला दम तरी खाऊ दे!"

"हळू बोल. आत्ता कुठं डोळा लागलाय."

"कुणाचा?"

"तूच म्हणाल्तास ना, आतली गरमी मागून निघते म्हणून? हे पाणी गार झालं, की मंग मी दुसरं ठेवते."

किशनलालनं मागं डोकावलं. भिंत आणि फ्रिज यांच्यामधे पाट टाकून, थंडीनं धरलेली कंबर जाळीकडं करून, त्याचे वडील घोंगडीत डुलक्या घेत होते.