बाजारातला सूर्य
गावातल्या मुलांसाठी मोठी दुर्बीण घ्यायला रक्षा उईकेनं एका संस्थेकडे अनुदान मागितलं होतं. "ग्रामीण भागात खगोलशास्त्राची आवड नाही," असं सांगून अर्ज नाकारला गेला. रागारागानं ती तळेगावच्या आठवडी बाजारात आली, प्लास्टिकच्या पाइपापासून स्वतः बनवलेली छोटी दुर्बीण तिनं उभी केली आणि माइक हातात घेतला. "आपल्याले आवड नाई म्हणतेत! आपल्याले कोणी इचारलं होतं का?" लोक हसले आणि भाजी घेत राहिले. शेवटी वांगी विकणाऱ्या जयवंताबाईंनी हाक मारली, "पोरी, भांडण मंग कर. तुह्या नळीतून दिसते काय, ते दाखव आधी." रक्षानं दुर्बीण सूर्याकडे वळवली आणि मागे पांढरा पुठ्ठा धरला. पुठ्ठ्यावर ताटलीएवढा सूर्य उतरला. त्यावर बारीक काळे ठिपके होते. "माश्या बसल्या का वं?" जयवंताबाईंनी विचारलं. "सूर्यावरचे डाग हायेत ते, मावशी. या मोठ्या डागात आपली अख्खी पृथ्वी मावते." जयवंताबाईंनी ठिपक्याला बोट लावायला हात पुढे केला आणि मधेच मागे घेतला. दुकानं तशीच टाकून माणसं पुठ्ठ्याभोवती जमली. माइक कुणाच्याच लक्षात राहिला नाही, रक्षाच्याही. तेवढ्यात सूर्य पुठ्ठ्याच्या कडेकडे सरकू लागला. "पकड त्याले, चालला तो!" जयवंताबाई ओरडल्या. "तो नाई चालला, मावशी. आपण फिरून राह्यलो." जयवंताबाईंनी पायाखालच्या मातीकडे पाहिलं आणि दोन्ही हातांनी शेजारच्या दुकानाच्या पालाचा बांबू घट्ट धरला.