रडणाऱ्या बालकासाठी आराखडा

अठरा वर्षं पाळणाघर चालवतेय, म्हणून भाचीने मला एका आंतरराष्ट्रीय बालकल्याण संस्थेत सल्लागाराच्या जागेसाठी अर्ज करायला लावला. ऑनलाइन मुलाखतीत सातासमुद्रापलीकडच्या मॅडमनी विचारलं, "रडणाऱ्या बालकासाठी तुम्ही कोणता आराखडा वापराल?"

मी तोंड उघडणार, तोच त्यांच्या मागे त्यांच्याच बालकाने भोकाड पसरलं. मॅडम घाईघाईने कागद चाळू लागल्या. बहुधा आराखडा शोधत असाव्यात. शेवटी मीच म्हटलं, "अहो बाई, आधी त्याला उचला. खांद्यावर घ्या आणि पाठीवर थोपटा." उरलेली मुलाखत आम्ही कुजबुजत उरकली.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा मेल आला.

"आंतरराष्ट्रीय अनुभवाअभावी आपली निवड होऊ शकली नाही. ता. क. तो पुन्हा रडतोय. पाठीवर नेमकं कुठे थोपटायचं?"